साडेसातशे तास कुणाच्या शेजारी?

अमेरिकेतल्या कुठल्याही ऑनलाइन नर्सिंग प्रोग्रॅमचं पान उघडा, पहिल्या चित्रात एक बाई हमखास असते. मांडीवर लॅपटॉप, बाजूला कॉफीचा मग, खिडकीतून कोवळं ऊन. वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के ऑनलाइन'. माहिती मागवायला फोन नंबर दिला की थोड्याच वेळात 'एन्रोलमेंट ॲडव्हायझर'चा फोन येतो आणि मग येतच राहतो. बोलणं गोड, घाई भारी: पुढची बॅच भरत आली आहे, अर्जाची फी आज माफ आहे. हा माणूस बहुधा नर्स नसतो, प्राध्यापकही नसतो. त्याचं काम जागा भरणं आहे. त्याचा राग धरण्याचं कारण नाही, पण सल्ला त्याच्याकडून घेऊ नये.

सायकिॲट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे नर्सेसच्या बोलण्यातली 'सायक एनपी', तिकडे रुग्ण तपासते, निदान करते, औषध लिहून देते आणि थेरपीही करू शकते. वाट ठरलेली आहे. आधी आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं लायसन्स, मग मास्टर्स (एमएसएन) किंवा डॉक्टरेट (डीएनपी), मग राष्ट्रीय सर्टिफिकेशनची परीक्षा आणि शेवटी राज्याच्या बोर्डाचं वेगळं लायसन्स. यातली लेक्चरं, क्विझ, डिस्कशन पोस्ट आणि पेपर घरबसल्या होतात. रुग्ण घरबसल्या होत नाहीत. सर्टिफिकेशनच्या पात्रतेला बरीच वर्षं ५०० क्लिनिकल तासांची अट होती. २०२२ साली एनपी शिक्षणाची राष्ट्रीय मानकं सुधारली तेव्हा प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास असा आकडा आला.

हे ७५० तास भिंतीवरच्या कालनिर्णयवर मांडून बघावेत. आठवड्याला १६ तास दिले तर जवळजवळ ४७ आठवडे. २४ तास दिले तर ३१ ते ३२. बारा तासांच्या तीन ड्युट्या करणाऱ्या बाईने यात दोन दिवस क्लिनिकल घातलं की आठवड्याचे पाच दिवस संपले, आणि अभ्यास, घर, मुलं अजून मोजलेलीच नाहीत. क्लिनिकही प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली शिकवणारा अनुभवी माणूस, असेल तेव्हाच; बहुतेक सोमवार ते शुक्रवार, दिवसा. 'रविवारी करीन' हे जवळपास कुठेच चालत नाही. म्हणून ज्यांचं नीट पार पडतं, त्यांनी नाइट ड्युटी, वीकेंडची ड्युटी किंवा पर-डिएम (रोजाच्या हिशोबाचं) काम यांची व्यवस्था पहिल्या सेमिस्टरलाच लावलेली असते.

तेव्हा प्रोग्रॅम निवडायचा तो शेवटच्या टोकापासून. लेक्चरं कुठेही ऐकता येतात आणि बऱ्याच ठिकाणी सारखीच असतात. हे ७५० तास तुम्ही कुणाच्या शेजारच्या खुर्चीत बसणार, तिथे पदवीची खरी किंमत ठरते.

ती खुर्ची म्हणजे प्रिसेप्टर. अनुभवी सायक एनपी किंवा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर तुम्हाला आपल्या ओपीडीत किंवा वॉर्डात शेजारी बसवतो, तुमच्याकडून रुग्ण तपासून घेतो, नोट वाचतो, चुका काढतो. प्रिसेप्टर शोधायचा कुणी, यावर शाळांचे सरळ तट पडतात. काही शाळांत प्लेसमेंट ऑफिस जागा मिळवून देतं आणि तसं लेखी सांगतं. काही म्हणतात, 'आम्ही मदत करू', म्हणजे जुनी यादी ईमेल करू. काही ठिकाणी सगळं विद्यार्थ्याच्या गळ्यात. संकेतस्थळावर तिन्हींना 'सपोर्ट' हा एकच शब्द. मदतीत किती पाणी आहे ते कळायला एक प्रश्न पुरतो: ठरलेल्या तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर काय होतं? चांगल्या ठिकाणी उत्तर तयार असतं, कुणाकडे जायचं, किती आठवडे आधी, पर्यायी जागा कोणती. जिथे उत्तर 'असं सहसा होत नाही' असतं, तिथे ते होतं.

झालं की काय होतं तेही सांगायला हवं. सेमिस्टर पुढे ढकललं जातं. पुढचा कोर्स वर्षातून एकदाच लागत असेल तर चार महिन्यांचा उशीर वर्षावर जातो. अर्ध्या वेळेपेक्षा कमी क्रेडिट झाली की कर्जफेडीची मुदत मोजायला लागते. मग घाबरून पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या एजन्सीकडे धाव. त्यांचा हिशोब तासावर किंवा रोटेशनवर असतो आणि हा खर्च फीच्या तक्त्यात कुठेच छापलेला नसतो. पैसे भरूनही शाळेने त्या प्रिसेप्टरला मान्यता दिली नाही तर तास मोजले जात नाहीत. त्यात क्लिनिक आणि शाळा यांच्यातला करार, ज्याला 'ॲफिलिएशन ॲग्रीमेंट' म्हणतात, तो दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवरून फिरायला कित्येक आठवडे, मोठ्या हॉस्पिटलात महिनेही घेतो. प्रिसेप्टर हो म्हणाला आणि करार झाला नाही, यात अडकलेल्यांची संख्या कमी नाही.

आणि नुसते तास भरणं निराळं, शिकणं निराळं. सर्टिफिकेट 'अक्रॉस द लाइफस्पॅन' असतं, म्हणजे मुलं, मोठी माणसं, म्हातारी, सगळी. मुलांच्या ओपीडीतली जागा सगळ्यात दुर्मिळ. शाळेने ती कशी मिळवली आहे हे वेगळं विचारावं, नाहीतर पदवी हातात येते आणि नऊ वर्षांच्या पोरासमोर पहिल्यांदा बसताना शेजारी कुणी नसतं. दुसरा प्रकार निव्वळ टेलिहेल्थचा. प्रिसेप्टर तीन राज्यांपलीकडे, रुग्ण आणखी कुठे, आणि विद्यार्थिनी कॅमेरा बंद करून ऐकते आहे. तिला एपिकमध्ये, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोट लिहायला लॉगिन नाही, बोलायला मुभा नाही. तास नोंदवायच्या टायफन किंवा एक्झॅटच्या लॉगमध्ये मात्र आठ तास पडतात. शाळा टेलिहेल्थचे जास्तीत जास्त किती तास धरते, विद्यार्थ्याने स्वतः इन्टेक (नव्या रुग्णाची पहिली तपासणी) घ्यायचाच असा नियम आहे का, आणि प्राध्यापक क्लिनिकला भेट देतात की नुसता फोन करतात, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

शेजारच्या खुर्चीचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. समजा, साठीच्या एक बाई आल्या आहेत. बायपोलर, मूड स्थिर ठेवणारं लिथियम वर्षानुवर्षं सुरू, तब्येत ठीक. औषध चालू ठेवायचं म्हणून अर्ध्या तासाची भेट. विद्यार्थिनी झोप, भूक, मूड विचारते, आत्महत्येचे विचार येतात का विचारते, सगळं छान, नोट लिहायला घेते. प्रिसेप्टरचं लक्ष बाईंच्या हाताकडे आहे. पर्सची चेन लावताना बोटं थरथरतात. प्रिसेप्टर सहज विचारते, 'गुडघे कसे आहेत?' गुडघे दुखतात, मुलीने दुकानातून आयबुप्रोफेन आणून दिलंय, दिवसातून तीनदा, महिना झाला. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, म्हणून औषधांच्या यादीत ते नाही. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तातली पातळी चढते. ०.६ ते १.२ ही नेहमीची मर्यादा ओलांडली की आधी थरथर, मग जुलाब, तोल जाणं, गोंधळ. त्याच दिवशी लिथियमची पातळी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन तपासायला रक्त पाठवलं जातं, आयबुप्रोफेन थांबतं. हे कॉम्बिनेशन फार्माकॉलॉजीच्या लेक्चरमध्ये होतंच, क्विझमध्ये त्याचे गुणही मिळाले होते. पण गुडघ्यांची चौकशी करायला लेक्चर शिकवत नाही.

क्लिनिकलचं एवढं बोलल्यावर राज्याचं बोलू, कारण ऑनलाइनमध्ये सगळ्यात महाग चूक इथे होते. विद्यापीठ एका राज्यात, तुम्ही दुसऱ्या, पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी तिसऱ्या. ज्या राज्यात क्लिनिकल करणार तिथलं आरएन लायसन्स लागतं. कॉम्पॅक्ट, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं लायसन्स असेल तर ते चालतं, पण कॉम्पॅक्ट आरएनसाठी आहे. एनपीचं लायसन्स प्रत्येक राज्यात वेगळं काढावं लागतं. दूरशिक्षणासाठी राज्याराज्यांत 'सारा' नावाचा करार आहे, कॅलिफोर्निया बरीच वर्षं त्याबाहेर राहिलं. ॲडव्हायझर 'आम्ही सारात आहोत' म्हणाला की लोक निर्धास्त होतात. सारा विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात शिकवायची मोकळीक देतं, तुमच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता देत नाही. १ जुलै २०२४ पासून मात्र केंद्राचा नियम असा आहे की विद्यार्थी ज्या राज्यात राहतो तिथल्या लायसन्सच्या शैक्षणिक अटी आपला प्रोग्रॅम पुऱ्या करतो, हे केंद्रीय मदत घेणाऱ्या शाळेला ठरवून मगच प्रवेश द्यावा लागतो. शाळेच्या 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' पानावर राज्यवार तक्ता असतो. तो फीच्या पानाआधी उघडावा.

आणि पदवीनंतर काय करता येईल हेही राज्यच ठरवतं. ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना इथे एनपी स्वतःच्या अधिकारात काम करते. न्यूयॉर्कमध्ये पहिले ३,६०० तास डॉक्टरशी लेखी करार ठेवून. टेक्ससमध्ये औषध लिहायला डॉक्टरबरोबर कायमचा करार लागतो, आणि शेड्यूल दोनमधली, म्हणजे कडक नियंत्रणातली औषधं, जशी एडीएचडीची मिथाइलफेनिडेटसारखी स्टिम्युलंट, एनपीला साध्या ओपीडीत लिहिता येत नाहीत. ती मुभा हॉस्पिटल आणि हॉस्पिसपुरती. मुलांच्या एडीएचडीचं क्लिनिक काढायचं स्वप्न घेऊन डॅलसमध्ये शिकणाऱ्या बाईला हे पहिल्या सेमिस्टरला माहीत असलेलं बरं. फ्लोरिडाने २०२० साली स्वायत्त प्रॅक्टिसचा कायदा केला तो प्राथमिक उपचारांपुरता, मनोविकार त्यातून वगळून. सायक एनपींच्या तिथल्या तक्रारीत तथ्य आहे, पण तक्रार करून लायसन्स बदलत नाही.

मान्यतेचं थोडक्यात. नर्सिंग प्रोग्रॅमला सीसीएनई, एसेन किंवा एनएलएन-सीनिया यांपैकी एकाची मान्यता हवी, नाहीतर सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही. शाळेच्या पानावरचा बिल्ला बघून थांबू नये, त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत नाव शोधावं. एमएसएनला मान्यता असली तरी नव्याने सुरू झालेला पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा ट्रॅक त्यात धरलेला आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. जी आधीच फॅमिली एनपी आहे तिच्यासाठी हे सर्टिफिकेटच बरं: जुन्या ट्रान्सक्रिप्टचं 'गॅप ॲनालिसिस' होतं आणि नुसते सायकचे कोर्स आणि तास उरतात. तिने दुसरं मास्टर्स करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

सर्टिफिकेशन देणाऱ्या एएनसीसी या संस्थेची परीक्षा १७५ प्रश्नांची, साडेतीन तासांची; त्यातले २५ प्रश्न चाचणीचे, गुणांत न धरले जाणारे. शाळेचा पास रेट विचारताना तीन गोष्टी जोडून विचाराव्यात: पहिल्याच प्रयत्नातला का, सायकचाच का (सगळ्या एनपी ट्रॅकचा एकत्र नको), आणि किती जण बसले. आणखी एक चौथी, जी कुणी सांगत नाही: प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी परीक्षेपर्यंत पोचले किती? शेवटच्या सेमिस्टरला 'एग्झिट एक्झाम' लावून कच्च्यांना अडवून ठेवलं की पास रेट आपोआप झळकतो.

अभ्यासक्रमात तीन 'पी' असायलाच हवेत: ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट, वेगवेगळे कोर्स म्हणून. ते जवळपास सगळीकडे असतात. तफावत पुढे दिसते, सायकोफार्माकॉलॉजीत. फार्माकॉलॉजी एकट्या ॲडव्हान्स्ड कोर्सवर भागवून वर सायकचं काही आठवड्यांचं मॉड्यूल चिकटवलं असेल तर ते अपुरं. सिलॅबस मागवा आणि लॅमोट्रिजिन हे बायपोलरचं औषध किती खोलात आहे एवढं एकच बघा. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू वर. रुग्ण आधीपासून व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधावर असेल तर सुरुवात एक दिवसाआड २५. घाईने वाढवलं तर स्टीव्हन्स-जॉन्सनसारखा जीवघेणा पुरळ उठू शकतो. आणि रुग्णाने औषध पाच हाफ-लाइफपेक्षा (एक हाफ-लाइफ म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जास्त काळ सोडलं असेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून, जुना डोस तसाच सुरू करायचा नाही. जो कोर्स हे शेवटचं वाक्य शिकवतो, तो शिकवणारा रुग्ण बघत असतो.

थेरपीकडे सगळ्यात दुर्लक्ष होतं. सर्टिफिकेशनसाठी किमान दोन सायकोथेरपी पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं, पण बऱ्याच शाळांत ते एका कोर्समधल्या दोन रोलप्ले व्हिडिओंत उरकतं. गंमत अशी की मनोविकार नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं तेच बोलण्यातून. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५४ साली रटगर्स विद्यापीठात पहिला प्रोग्रॅम उभा केला, तेव्हा नर्सच्या हातात प्रिस्क्रिप्शनचं पॅड नव्हतं. तिचं रुग्णाशी असलेलं नातं हेच औषध. आज वीस मिनिटांच्या मेड-चेकमध्ये, म्हणजे औषधापुरत्या भेटीत, नेमकं तेच गळतं. थेरपीचं सुपरव्हिजन आठवड्याला किती मिनिटं आणि किती विद्यार्थ्यांच्या गटात, हे विचारल्यावर ॲडव्हायझर थोडा वेळ गप्प होतो.

फीचं गणित क्रेडिटवर. समजा ४८ क्रेडिट, क्रेडिटला ७०० डॉलर, तर ३३,६०० डॉलर. हा आकडा पानावर असतो. त्यात टेक्नॉलॉजी फी, क्लिनिकल फी, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, लसींचे टायटर (प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी), विद्यार्थ्याचा मालप्रॅक्टिस विमा आणि कॅम्पसला जाण्याचा खर्च धरा. 'ऑनलाइन' म्हणवणाऱ्या चांगल्या शाळाही वर्षातून काही दिवस बोलावतात. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टचे ब्लॉक, केंटकीच्या फ्रंटियर नर्सिंग विद्यापीठाचे 'बाउंड' प्रसिद्ध आहेत. ही बोलावणी टाळण्यासारखी नाहीत, उलट तिथेच प्राध्यापक तुम्हाला प्रत्यक्ष बघतात. कर्जाचं चित्र २०२५ च्या कायद्याने बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्राचं जादा कर्ज बंद, आणि केंद्राचं पदव्युत्तर कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरपर्यंत. 'व्यावसायिक' पदव्यांना मर्यादा मोठी, पण शिक्षण खात्याच्या प्रस्तावातल्या त्या यादीत नर्सिंग नव्हतं, त्यावरून तिकडे मोठा गदारोळ झाला. महागड्या डीएनपीवर सही करण्याआधी ही मर्यादा आणि एकूण खर्च एकाच कागदावर लिहावेत. उलट बाजूने 'नर्स कोअर' योजना आहे: टंचाईच्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं तर नर्सिंगच्या कर्जाचा ६० टक्के भाग फिटतो, तिसऱ्या वर्षी आणखी २५.

डीएनपी की एमएसएन? २०२५ पर्यंत सगळ्यांनी डीएनपीकडे वळावं असं आवाहन झालं होतं, तरीही परीक्षेला आणि लायसन्सला एमएसएन आजही चालतं. शिकवायचं नसेल तर एमएसएन घ्यावं आणि कामाला लागावं.

आता महाराष्ट्रातून गेलेल्या नर्सेससाठी तीन गोष्टी. पहिली, व्हिसा. पूर्ण ऑनलाइन प्रोग्रॅमवर एफ-१ व्हिसा मिळत नाही. पूर्णवेळाच्या हिशोबात सत्राला फार तर एक ऑनलाइन कोर्स धरला जातो. नाशिकमध्ये बसून शिकून अमेरिकेत एनपी होण्याची वाट नाही, कारण क्लिनिकलला तिथलं आरएन लायसन्स आणि तिथले रुग्ण लागतात. केंद्राचं कर्ज आणि नर्स कोअर दोन्ही ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असणाऱ्यांना. दुसरी, मूळ पदवी. जीएनएम (डिप्लोमा) झालेलीला आधी बीएसएन ही नर्सिंगची पदवी पुरी करावी लागते किंवा आरएन-टू-एमएसएनचा पूल शोधावा लागतो. तिसरी, ट्रान्सक्रिप्ट. मूल्यांकन कोर्सनिहाय लागतं आणि कागद विद्यापीठाकडून थेट यावा लागतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो की एसएनडीटी, माहेरच्या कुणाला तरी अर्ज, शुल्क आणि बंद लिफाफ्यासाठी चकरा माराव्या लागतात. नाव लग्नानंतर बदललेलं असेल तर गॅझेटची प्रत आधीच मागवून ठेवावी. येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात विद्यार्थिदशेत झालेलं पोस्टिंग मात्र अर्जाच्या निबंधात जरूर लिहावं. तिथे दोनशे जणांच्या जेवणाच्या रांगेत आजारी कोण हे ओळखायला शिकलेली नजर अमेरिकन वर्गात फारशी कुणाकडे नसते.

इतकं झाल्यावर दोन-तीन शाळा उरतात. तेव्हा शाळेला फोन न करता घरापासून पाऊण तासाच्या आतल्या कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटरला आणि जवळच्या हॉस्पिटलच्या स्टुडंट प्लेसमेंट विभागाला फोन करावा. विचारायचं एवढंच: एनपीचे विद्यार्थी घेता का, कुठल्या शाळांशी करार आहे, मुलांच्या विभागात किती घेता, आणि पुढच्या सत्रासाठी कधी कळवायचं. पलीकडची बाई बहुधा घाईत असते, पण उत्तर देते. कधी सांगते की अमक्या शाळेचे विद्यार्थी आम्ही आता घेत नाही. कारण विचारलं तर म्हणते, 'कागद वेळेवर येत नाहीत, आणि त्यांच्या प्राध्यापकांचा फोन कधी आलेला नाही.' त्या शाळेचा अर्ज अर्धा भरलेला असेल तर तो तसाच सोडून द्यावा. जी नावं ती आपणहून घेते ती लिहून ठेवावीत, आणि मग त्या शाळांची पानं उघडावीत, लॅपटॉपवाल्या बाईचं चित्र वर सरकवून.